स्पीकर-ऍम्पचा रिव्ह्यू करायचाय? मग खोका उघडायच्या आधी हे वाचा

नवीन रिव्ह्यू करायला लागलेली मंडळी भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, कंपन्यांकडून माल कसा मागवायचा. मेल कुणाला टाकायचा, त्यात काय लिहायचं, किती फॉलोअर झाले की देतात वगैरे. रिव्ह्यू खरा कसा राहील हे विचारणारा फारसा कुणी भेटत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं त्यात विचारायचं काय, मी काही पैसे खाणारा माणूस नाही, जे ऐकू येईल ते लिहीन, विषय संपला.

मीही असाच होतो. आता बरीच वर्षं ऍम्प (स्पीकरला ताकद देणारा ऍम्प्लिफायर), स्पीकर आणि डॅक (डिजिटल फाइलचा ऐकण्याजोगा सिग्नल करणारी पेटी) यांच्या वायरी काढण्या-घालण्यात घालवल्यावर सांगतो, पाकीट घेऊन खोटं लिहिणारे असतात पण ते थोडे, आणि चार ओळी वाचल्या की कळतात. जास्त घोळ घालतात ते माझ्यासारखे, ज्यांनी दमडी घेतलेली नसते, मनात पाप नसतं, आणि तरी लिहिलेलं खोटं निघतं. कधी भिडेपोटी, कधी घाईत, आणि बहुतेक वेळा कानांऐवजी डोळ्यांनी ऐकल्यामुळे. म्हणून खालच्या पायऱ्यांमधल्या बऱ्याचशा खोका उघडायच्या आधीच करायच्या आहेत, कारण एकदा का ती चकचकीत वस्तू रॅकवर बसली की आपण अर्धे तिचे झालेलो असतो.

पायरी १: सुरुवात स्वतःच्या वस्तूंपासून

पहिले चार-पाच रिव्ह्यू स्वतः विकत घेतलेल्या वस्तूंचे करा, नाहीतर मित्राकडून पंधरा दिवस उसन्या आणलेल्या. कंपनीला मेल टाकायचा नाही, अजून नाही. वर्षभर वापरलेल्या ऍम्पबद्दल तुम्हाला जे माहीत असतं (रिमोटचं कुठलं बटण आधी मरतं, उन्हाळ्यात वरचं झाकण किती तापतं, फार हळू आवाजाला डावा-उजवा सारखा राहतो का) ते कंपनीकडून सहा आठवड्यांसाठी आलेल्या पाहुण्याबद्दल कधीच कळत नाही.

पण एक गोम आहे. स्वतः विकत घेतलं म्हणजे आपण निःपक्षपाती झालो असं लोक छातीठोक सांगतात, ते खरं नाही. स्वतःच्या खिशातून घेतलेल्या वस्तूचं कौतुक हे बऱ्यापैकी स्वतःच्या अकलेचं कौतुक असतं. यावर मी एक साधी युक्ती करतो, लिहायला बसलो की आधी तीन खोडी लिहितो आणि त्या लिहून झाल्याशिवाय एकही चांगली गोष्ट लिहीत नाही. तीन खोडी सापडत नसतील तर अजून ऐकायचं बाकी आहे.

अमेरिकेत कन्झ्युमर रिपोर्ट्सवाले १९३६ पासून हेच मोठ्या प्रमाणावर करत आलेत, वस्तू साध्या गिऱ्हाइकासारखी दुकानातून विकत घ्यायची, आपण कोण ते सांगायचं नाही, आणि जाहिराती घ्यायच्या नाहीत. एकट्या माणसाला ते परवडत नाही, मान्य. ऑडिओच्या जगात जे. गॉर्डन होल्ट यांनी आधीच्या मासिकातल्या जाहिरातदारांच्या लाडाला कंटाळून १९६२ मध्ये स्टिरिओफाइल हे नियतकालिक काढलं, सुरुवातीला जाहिराती नव्हत्या, आणि अंक काही वेळेवर निघायचा नाही. पुढे त्यातही जाहिराती आल्याच. म्हणजे पूर्ण स्वतंत्र राहायचं तर त्याचा खर्च कुणीतरी सोसावा लागतो, आणि सुरुवातीला तो कुणीतरी म्हणजे तुम्हीच. म्हणून महिन्याला एक रिव्ह्यू करणार असाल तर तीन महिन्यांनी एक करा, चालतंय.

पायरी २: एक वही घाला

खरीखुरी कागदाची वही, नाहीतर स्प्रेडशीट, पण आजच. आलेल्या प्रत्येक वस्तूसाठी एक ओळ. कोणाकडून आली, कोणत्या तारखेला, मालकी कुणाची, परत कधी जायची, कुरिअरचे पैसे कुणी भरले, आणि खोक्यात काय काय होतं. हा शेवटचा रकाना मी सुरुवातीला ठेवला नव्हता, त्याबद्दल खाली येईलच.

या वहीची गरज का, तर या धंद्यात लाच म्हणून काही येत नाही, सगळं सोय म्हणून येतं. एक असते लोनर, म्हणजे उसनी वस्तू, रिव्ह्यू झाला की परत, यात काही गैर नाही. दुसरा असतो रिव्ह्यूअरचा खास भाव, म्हणजे आवडलं तर बाजारभावापेक्षा बऱ्याच कमीत ठेवून घ्या. मग ऍफिलिएट लिंक, जिच्यावरून कुणी विकत घेतलं की तुम्हाला टक्का मिळतो. मग कारखाना बघायला बोलावणं, विमान-हॉटेल त्यांचं. आणि सगळ्यात गोड प्रकार म्हणजे फोनवरचं एक वाक्य, "राहू द्या हो तुमच्याकडे, परत पाठवायची काही घाई नाही."

या वाक्याने माझा घात केलाय. एक ऍम्प असाच माझ्या रॅकवर अकरा महिने राहिला. मी काही मागितलं नव्हतं, त्यांनीही काही मागितलं नाही. मग त्याच कंपनीचे स्पीकर आले, मी ऐकले, लिहिलं, आणि पाठवायच्या आधी सहज मजकूर वाचताना एक शब्द सारखा डोळ्यात खुपायला लागला म्हणून शोधून मोजला. "किंचित" हा शब्द सात वेळा होता. ट्रेबल (वरचे सूर) किंचित टोचतो, बास (खालचे सूर) किंचित कमी पडतो, जाळी किंचित सैल बसते. स्पीकर खरं तर टोचतच होते, अर्ध्या तासात कान दुखायला लागायचे, पण अकरा महिन्यांची ती फुकटची सोय प्रत्येक खोडीच्या आधी जाऊन बसली होती. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी म्हणतात ना, तर टाळी वाजवतोय हे हाताला कळतसुद्धा नाही.

तेव्हापासून नियम असा की परत जायची तारीख मेलवर ठरल्याशिवाय खोका घरात घ्यायचा नाही. वस्तू आवडली आणि विकत घ्यायचीच असेल तर रिव्ह्यू लोकांसमोर गेल्यानंतर घ्यायची, आणि कमी भावात घेतली असेल तर तसं त्याच रिव्ह्यूखाली लिहायचं.

या वहीतूनच तुमचं जाहीर निवेदन तयार होतं. ते अगदी वर टाका, शेवटी बारीक अक्षरात नको. "सर्व मतं माझी स्वतःची आहेत" या वाक्याला काडीचा अर्थ नाही, ते सगळेच लिहितात. असं लिहा: "हे स्पीकर कंपनीने सहा आठवड्यांसाठी उसने दिले आहेत, येण्याजाण्याचं कुरिअर कंपनीचं, लिहिलेलं त्यांना आधी दाखवलेलं नाही, खालच्या लिंकवरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं." वाचणारा त्याचं काय करायचं ते बघेल. बऱ्याच देशांत आता हे ऐच्छिक राहिलेलंही नाही, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्येच घरबसल्या लिहिणाऱ्यांना आपल्या मार्गदर्शक सूचनांत ओढलं आणि भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये तशाच सूचना काढल्या, त्यात नुसते पैसे नाहीत, फुकट वस्तू, सवलत, सहल हे सगळं मोजलंय.

पायरी ३: वस्तू यायच्या आधीचा मेल

कंपनीला एक मेल पाठवायचा आणि त्याचं उत्तर आल्याशिवाय पत्ता द्यायचा नाही. मेल छोटा असू दे. मजकूर आधी दाखवणार नाही. तांत्रिक माहिती चुकायला नको म्हणून आकडे विचारीन. काही बिघाड वाटला तर दोन दिवस देऊन तुमचं म्हणणं घेईन आणि तेही छापीन. आलेला तुकडा, म्हणजे ती वस्तूच, खराब निघाला तर दुसरा मागवीन, पण पहिला खराब होता हे लिहीनच. आणि आवडलं नाही तरी रिव्ह्यू येणार.

या शेवटच्या वाक्यावर गाडी अडते. समोरून फार समजूतदार उत्तर येतं, "नाही आवडलं तर लिहू नका सर, नुसतं परत पाठवा, आमची काही तक्रार नाही." नवीन माणसाला हे ऐकून बरंच वाटतं, कुणाचं वाईट करायला कुणाला आवडतं. पण विचार करा, दहा वस्तू आल्या, चार आवडल्या नाहीत त्या गुपचूप परत गेल्या, सहांचं कौतुक छापलं. प्रत्येक ओळ खरी, आणि तरी वाचणाऱ्याला वाटणार की बाजारात सगळं चांगलंच मिळतं, किंवा या माणसाला सगळंच आवडतं. त्या चार वस्तू घ्यायला निघालेला माणूस तुमच्याकडे येतो, त्याला काहीच सापडत नाही, आणि तो जाऊन घेतो. अगदीच पूर्ण रिव्ह्यू करायला वेळ नसेल तर वर्षातून एकदा यादी टाका, एवढ्या वस्तू आल्या, यांच्यावर लिहिलं, यांच्यावर नाही, का नाही ते एका ओळीत.

एम्बार्गो, म्हणजे अमुक तारखेआधी लिहायचं नाही, ही अट मान्य करायला हरकत नाही. खोडींबद्दल लिहायचं नाही असं आडून जरी सुचवलं तरी नमस्कार करून मोकळे व्हा. आणि जमेल तेव्हा सीलबंद खोकाच मागा, खास निवडून, तपासून पाठवलेला तुकडा आणि गिऱ्हाइकाला मिळणारा तुकडा यांत फरक असू शकतो.

पायरी ४: खोली

हे पटकन सांगतो, पण टाळू नका. स्पीकरच्या रिव्ह्यूत खालच्या सुरांबद्दल तुम्ही जे काही लिहिणार त्यातलं बरंचसं तुमच्या खोलीबद्दल असतं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे चार मीटर लांबीच्या खोलीत (जाऊन-येऊन आठ मीटर) पहिला घुमारा साधारण ४३ हर्ट्झला येणार, मग स्पीकर कुणाचाही असो. मी एकदा एका बिचाऱ्या स्पीकरला "बास फुगलेला" म्हणून मोकळा झालो होतो आणि नंतर कळलं की सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला होता, भिंतीजवळ बास वाढतोच, तिथे कुठलाही स्पीकर फुगला असता.

जमिनीवर चिकटपट्टीने स्पीकरच्या आणि खुर्चीच्या जागा आखा. तुलनेतला दुसरा स्पीकर त्याच जागेवर ऐका, आणि कंपनी वेगळी जागा सुचवत असेल तर तिथेही. मोजायचा माइक आणि रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर यावर एक रविवार घालवा, आपली खोली काय काय करते ते एकदा कागदावर बघितलं की पुढे बरीच विशेषणं आपोआप गळतात. खोलीची लांबी-रुंदी-उंची प्रत्येक रिव्ह्यूत द्या.

पायरी ५: आवाज सारखा करा

इथे जरा थांबूया, कारण नवीन लोकांचे सगळ्यात जास्त रिव्ह्यू इथे वाया जातात, आणि जुन्यांचेही.

दोन ऍम्प ऐकताय. एकाचा आवाज दुसऱ्यापेक्षा अगदी थोडा, समजा अर्धा डेसिबल जास्त आहे. गंमत अशी की एवढा फरक आवाज मोठा झाला असा ऐकूच येत नाही. तो ऐकू येतो "जास्त मोकळा", "जास्त जिवंत", "गायिका समोर येऊन बसली" असा. कान असेच आहेत, आवाज वाढला की खालचे सूर जास्त भरतात. हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलंय. दुकानात जो मॉडेल खपवायचाय तो एक चिमूट मोठ्याने वाजवला की काम झालं, विक्रेत्याला काही बोलावंही लागत नाही.

तर करायचं काय. एक मल्टीमीटर घ्या, एसी व्होल्टवर लावा. १ किलोहर्ट्झचा टेस्ट टोन हळू आवाजात वाजवा आणि स्पीकरच्या मागच्या टर्मिनलवर दोन टोकं टेकवून आकडा बघा. टोकं एकमेकांना लागू देऊ नका, ऍम्प शॉर्ट झाला तर रिव्ह्यू तिथेच संपला. समजा २.०० व्होल्ट आले. आता दुसरा ऍम्प लावा आणि व्हॉल्यूम असा आणा की मीटरवर १.९८ ते २.०२ च्या आत येईल. एक टक्का फरक म्हणजे साधारण ०.१ डेसिबल, ऐकून तुलना करताना एवढं घट्ट धरायचं असतं. स्वस्त मीटर १ किलोहर्ट्झला नीट चालत नाहीत, तसं असेल तर ४०० हर्ट्झचा टोन वापरा, आपल्याला व्होल्टचा अचूक आकडा नकोय, दोन्हीकडे सारखा हवाय. व्हॉल्यूमच्या खुणेवर विश्वास ठेवू नका, एकाचं बारा वाजलेलं दुसऱ्याचं दहा वाजलेलं असतं. मोबाइलचं आवाज मोजायचं ऍपही इथे नको, ते एवढं बारीक सांगू शकत नाही.

स्पीकरची तुलना करताना व्होल्ट सारखे करून चालत नाही कारण प्रत्येकाची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच व्होल्टला किती मोठा वाजतो ते, वेगळी. तिथे पिंक नॉइज (सगळे सूर एकदम असलेला सळसळाटासारखा चाचणीचा आवाज) वाजवा, आवाजाची पातळी मोजायचा मीटर खुर्चीवर कानाच्या उंचीला ठेवा आणि दोन्ही जोड्या सारख्या करा. दोन स्पीकरचा तोल वेगळा असला की हे कधीच तंतोतंत होत नाही, म्हणून एकदा हा थोडा वर ठेवून, एकदा तो थोडा वर ठेवून ऐका. मत बदललं तर ते मत नव्हतं.

एवढं केल्यावर पहिल्या दिवशी तुम्हाला धक्का बसेल. चांगल्या बनावटीचे दोन ऍम्प, दोघेही आपल्या ताकदीच्या आत वाजतायत, आणि रात्र-दिवसाचा फरक गायब. फरक राहतातही, नाही असं नाही, अवघड स्पीकरवर जोरात वाजवलं की एक हाशहुश करतो आणि दुसरा नाही, पण ते फरक मग खरे असतात.

पायरी ६: डोळ्यांवर पट्टी

आता माझी अब्रू. एक डॅक आला होता, देखणा, जड, समोर काचेमागे मंद उजेड. संध्याकाळी बसलो, जुना डॅक आणि हा नवीन आलटून पालटून ऐकले, वहीत दोन पानं भरली. नवीन डॅकवर तबल्याच्या डग्ग्यावर हात घासल्याचा आवाज वेगळा कळतोय, गाणाऱ्याच्या श्वासामागे खोली आहे, वगैरे वगैरे. दुसऱ्या दिवशी नवीन डॅकची वायर काढायला मागे गेलो तर ती ऍम्पमध्ये नीट बसलेलीच नव्हती, अर्धी बाहेर. मग नवीन डॅकचं गाणं आलं कुठून? रिमोटचा सेल गेलेला, ऍम्पचा सिलेक्टर (कुठलं यंत्र ऐकायचं ते निवडणारा) जागचा हललाच नव्हता. मी आख्खी संध्याकाळ एकच डॅक ऐकला होता, माझा जुनाच. ती दोन पानं फाडली नाहीत, अजून आहेत, कधी जास्त शहाणपण सुचायला लागलं की काढून वाचतो.

हे माझ्या एकट्याच्या बाबतीत होत नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये चाळीस जणांना चार स्पीकर ऐकवले, एकदा पडद्याआड आणि एकदा उघड. ऐकणारे सगळे एका मोठ्या ऑडिओ कंपनीचेच कर्मचारी. त्यात एक सेट लहान, स्वस्त, प्लास्टिकचा होता, दिसत नव्हता तेव्हा त्याला चांगले गुण पडले, दिसायला लागल्यावर धाडकन खाली. आणि २०२२ चं मोबाइल फिडेलिटी या रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचं प्रकरण तर बऱ्याच जणांना आठवत असेल, त्यांच्या महागड्या एलपी (तबकड्या) लोक शुद्ध ऍनालॉग, म्हणजे मधे कुठेही डिजिटल नाही, म्हणून डोक्यावर घेऊन नाचत होते, जाणकार कानांचे रिव्ह्यूअरही त्यात आले, आणि त्या जुलैत कंपनीच्याच इंजिनिअरांनी सांगितलं की मधे डिजिटल फाइलचा टप्पा असतो, २०११ पासून. अकरा वर्षं. एलपी वाईट होत्या असं मुळीच नाही, उत्तम वाजायच्या, पण ज्या कारणासाठी उत्तम म्हणत होते ते कारणच तिथे नव्हतं.

घरच्या घरी करायचं ते असं. घरातल्या कुणाला तरी पटवा. त्याने नाणं उडवायचं, छापा आला तर पहिला डॅक, काटा आला तर दुसरा, कागदावर लिहून ठेवायचं आणि तुम्हाला काही सांगायचं नाही. वायर बदलताना तोंडावरून कळू नये म्हणून त्याने रॅकमागेच राहायचं आणि नाणं काहीही पडलं तरी दरवेळी काढल्या-घातल्याचा आवाज करायचा. आवाज आधीच सारखा केलेला हवा, नाहीतर तुम्ही फक्त मोठा कोणता ते ओळखाल. असं सोळा वेळा. बारा किंवा जास्त बरोबर आले तर नुसत्या नशिबाने तसं व्हायची शक्यता चार टक्क्यांच्या आत, म्हणजे काहीतरी ऐकू येतंय म्हणायला जागा आहे. दहापैकी सात बरोबर आल्यावर लोक उड्या मारतात, पण निव्वळ नाणं उडवूनसुद्धा सतरा टक्के वेळा सात किंवा जास्त येतात. एका दमात सोळा करू नका, कान थकतात, चार-चारचे हप्ते पाडा.

स्पीकरचं हे घरी फार अवघड आहे, पडदा लावा, जागा बदला, तोवर आधीचा आवाज विसरला जातो. नाही जमलं तर नाही, पण मग "उघड्या डोळ्यांनी ऐकलं" असं सरळ लिहा. आणि फरक ओळखता आला नाही तर तोही निकाल आहे, "मला या खोलीत, या स्पीकरवर फरक ओळखता आला नाही" हे वाक्य लिहायला फार लाज वाटते पहिल्यांदा. कुणालाच कधी येणार नाही असा त्याचा अर्थ नाही, तेवढं मात्र ताणू नका.

पायरी ७: मोजमाप नंतर

क्रम महत्त्वाचा, आधी ऐकायचं, टिपणं तारीख घालून बंद करायची, मग मोजायचं. ग्राफवर ३ किलोहर्ट्झला उंचवटा बघितला की पुढच्या मिनिटापासून तो ऐकू यायला लागतो, हमखास. टिपण आणि ग्राफ जुळले नाहीत तर टिपण खोडू नका, दोन्ही द्या.

तुमच्या खोलीत काढलेला ग्राफ हा स्पीकरचा ग्राफ नाही, तो खोलीसकट आहे. स्पीकरचं रीतसर मोजमाप म्हणजे सीटीए-२०३४ पद्धत, आडवं आणि उभं दर दहा अंशाला, एकूण सत्तर जागा, आणि भिंतींचा परिणाम वगळून. ते घरी होत नाही, म्हणून दुसऱ्याचा ग्राफ वापरलात तर कुणाचा ते लिहा. आणि उलटा चष्माही घालू नका, दोन डॅकचं डिस्टॉर्शन (मूळ सिग्नलमध्ये होणारी भेसळ) दोन्हीकडे कानाच्या पोचेच्या पार खाली असेल तर ज्याचा आकडा सरस तो ऐकायला सरस, असं लिहिणं म्हणजे परत डोळ्यांनीच ऐकणं झालं.

ऍम्पच्या वॅटवर लिहिताना किती ओहमच्या स्पीकरला, दोन्ही चॅनल एकदम चालू असताना का, किती डिस्टॉर्शनला, हे तीन प्रश्न विचारा. पीएमपीओचे (क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला आकडा) हजारो वॅट आठवत असतील तर का ते सांगायला नको.

पायरी ८: लिहिताना

कन्झ्युमर रिपोर्ट्सच्या मे १९७० च्या अंकात बोस कंपनीच्या ९०१ स्पीकरबद्दल असं आलं की वाद्यांचा आवाज खोलीभर भटकल्यासारखा वाटतो. बोसने १९७१ मध्ये दावा ठोकला. कोर्टात मुद्दा काय, तर ऐकणाऱ्यांना आवाज दोन स्पीकरमधल्या भिंतीलगत इकडून तिकडे सरकताना जाणवला होता आणि छापताना ते "खोलीभर" झालं. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं, १९८४ मध्ये निकाल मासिकाच्या बाजूने लागला, मुद्दाम खोटं लिहिल्याचं सिद्ध होत नाही म्हणून. दोन-तीन शब्दांपायी तेरा वर्षं. तुमच्यावर कुणी दावा करणार नाही बहुतेक, पण टिपणात लिहिलेलं आणि शेवटी लिहिलेलं यांत असा फरक पडतो का ते एकदा ताडून बघा, पडतो, दरवेळी पडतो, कारण चांगलं वाक्य सुचलं की आपण टिपण विसरतो.

मखमली, रेशमी, जादुई ही मंडळी हाकलून द्या. त्याऐवजी कुठलं रेकॉर्डिंग, कितव्या मिनिटाला, काय झालं, कशाच्या तुलनेत. "बाई वरच्या सुराला गेल्या की स हा उच्चार टोचतो, माझ्या जुन्या जोडीवर तिथे टोचत नाही" एवढं पुरतं, आणि वाचणारा स्वतः जाऊन तपासू शकतो. कुणी घेऊ नये हेही लिहा, "सगळ्यांसाठी उत्तम" असं काही नसतं. आणि शेवटी "किंचित", "थोडासा", "तसा" शोधून मोजा. मी अजून मोजतो. गेल्या खेपेला तीन निघाले, दोन काढले, एक खरंच किंचित होता.

पायरी ९: नंतरचं

वाईट लिहिलं की काही कंपन्या माल देणं बंद करतात. भांडत नाहीत, फक्त मेलला उत्तर येईनासं होतं, स्टॉक नाही, पुढच्या महिन्यात बघू. मला एकीने असंच गप्प करून टाकलं, दोन वर्षं. पायरी १ ची सवय असेल तर काही अडत नाही, त्यांचा पुढचा ऍम्प मी एका ओळखीच्याकडून पंधरा दिवसांसाठी आणला. चांगला होता, तसं लिहिलं.

चूक निघाली तर मूळ मजकूर गुपचूप बदलू नका. वर तारीख घालून लिहा, काय चुकलं, कुणी दाखवलं, निष्कर्ष बदलतो का. सोफ्याच्या प्रकरणात मी स्पीकर परत मागवले, जागा बदलून ऐकले आणि "बास फुगलेला" वर काट मारून ठेवली, शब्द अजून दिसतात.

मग खोका परत. उघडताना फोमचे तुकडे कसे बसले होते त्याचे फोटो काढलेले असतील तर भरताना दहा मिनिटं, नाहीतर अर्धा दिवस. रिमोट, पॉवर कॉर्ड, स्पाइक, जाळ्या, वहीतल्या यादीवर टिक करत भरा, रिमोटमधले तुमचे सेल काढून घ्या, कुरिअरची पावती वहीत चिकटवा. तो खोक्यात काय काय होतं याचा रकाना मी ठेवायला लागायच्या आधीचा एक जाळीचा प्लास्टिक खुंटा माझ्या टेबलाच्या खणात पडलाय, काळा, नखाएवढा. कोणत्या स्पीकरचा ते काही केल्या आठवत नाही.